कोलशेतला वाचून दाखवायचं राहिलं

ही गोष्ट मी परवापर्यंत घरी सांगितली नव्हती, कॉलेजात सांगितली नव्हती, आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना तर नव्हतीच नव्हती. ठाण्याला कोलशेतच्या बाजूला खाडीकाठी कोळ्यांचं एक गाव आहे. तिथं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारच्या जेवणाचं केंद्र व्हायचं होतं. ते झालं नाही. का झालं नाही याबद्दल गावात बरेच तर्क होते. कुणी नगरसेवकाचं नाव घेत होतं, कुणी बिल्डरचं, कुणी गावातल्याच माणसाचं. खरं कारण मी लिहिलेला एक परिच्छेद आहे.

मी सोलापूरला समाजकार्याच्या कॉलेजात शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका देणगीदार संस्थेनं आम्हाला ठाणे-कल्याण पट्ट्यातलं काम दिलं होतं. एकट्या वृद्धांची दुपार कशी जाते ते पाहायचं आणि केंद्रं कुठं लागतील ते सांगायचं. अट एकच होती. प्राध्यापकांनी यायचं, प्रश्न विचारायचे आणि निघून जायचं, असं चालणार नाही. वस्तीतल्या बायका प्रश्न ठरवतील, त्याच घरोघरी बसून बोलतील, अहवालावर त्यांचीही नावं येतील, आणि लिहिलेलं पाठवण्याआधी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्या खोडा म्हणाल्या तर खोडायचं. डोंबिवलीत असं वाचन झालं, टिटवाळ्यात झालं. कोलशेतचं राहिलं. तारीख जवळ आली म्हणून राहिलं, असं मी सांगितलं होतं. तारखेला अजून अवकाश होता.

तिथल्या आमच्या सहकारी होत्या रंजनाताई. कोलशेतच्या नाक्यावर मासळी विकायच्या. त्यांनी मला एक रीत सांगितली होती. होडी लागली की पाटी उतरवायच्या आधी एक ताट बाजूला निघतं. ज्या घरात खाडीत जाणारं आता कुणी उरलेलं नाही, त्या घरचं ते ताट. त्याला म्हातारीचा वाटा म्हणतात. हे सांगून झाल्यावर त्याच दमात त्या म्हणाल्या होत्या, "पन आता खाडीत हाय काय? ताट जातंय, ताटात काय नसतंय."

पहिलं मी लिहिलं. दुसरं गाळलं. 'या गावात म्हातारपण एकटं नसतं' असं एक वाक्यही जोडलं. तो परिच्छेद मला फार आवडला होता. वाचन केलं असतं तर बायकांनी तो मोडला असता, म्हणून मी वाचन केलं नाही. पुढं एका परिषदेत त्याला टाळ्या पडल्या. आणि एके दिवशी संस्थेच्या बाईंचा फोन आला. "सर, तुमच्या त्या परिच्छेदामुळे आमचं ठरवणं सोपं झालं. तिथं समाज बघतोच आहे. आपण दुसरीकडे देऊ."

मी म्हणालो, "हो का. बरं."

यंदा गणपती झाल्यावर त्याच बाईंनी मला पुन्हा पाठवलं. सुरू झालेली केंद्रं बघा, काय शिकलो ते लिहा. त्या प्रवासाची ही हकिगत.

टेंभी नाका

उतरलो टेंभी नाक्याजवळच्या लॉजवर. नवरात्राच्या मंडपाचं काम चाललेलं. बांबू, कापडाचे तागे, रस्त्यात आडवी लावलेली शिडी, आणि त्या शिडीखालून निवांत जाणारे स्कूटरवाले. आमच्याकडे रूपाभवानीच्या देवळात नवरात्र बसतं ते घट आणि आराध्यांच्या गाण्यांनी. इथं आधी लायटिंगवाला येतो. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "साहेब, आठ दिवसांनी आला असता तर रूम मिळाली नसती." आठ दिवसांनी आलो असतो तर कोलशेतला जावं लागलं नसतं, असा एक विचार मनात येऊन गेला. त्याला काही अर्थ नव्हता, पण असले विचार मला त्या दिवसांत सारखे येत होते.

तीन जागा बघायच्या होत्या. कोलशेत लॉजपासून रिक्षाच्या अंतरावर, डोंबिवली आणि टिटवाळा लांब. शहाण्या माणसानं जवळचं आधी केलं असतं. मी कोलशेत शेवटी टाकलं. मिसळ मागवली, अर्धी टाकली.

डोंबिवली

पूर्वेला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर केंद्र आहे. भिंतीला पंचांगाचं कॅलेंडर, कोपऱ्यात कॅरम, आणि स्वयंपाकघरातून आमटीला फोडणी दिल्याचा वास. मी दारात उभा राहिलो, हातात फाईल. आतलं बोलणं थांबलं. एक आजोबा उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि समोर येऊन ताठ उभे राहिले.

"सावंत. मी आहे. बघून घ्या."

त्यांच्यामागे आणखी दोघं रांगेत. मला काही कळेना.

"अहो सावंत, बसा," आतून सुलभाताई ओरडल्या. "ते पेन्शनवाले नाहीत. हयातीचा दाखला बँकेत द्यायचाय तुम्हाला."

"मग हे कोण?"

"हे आपले सर. सोलापूरचे."

"मग फाईल कशाला आणली?" सावंत नाराज होऊन परत कॅरमकडे गेले.

सुलभाताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या संगमेश्वरकडच्या. अहवालासाठी या चाळीतलं सगळं काम त्यांनीच केलं होतं. वाचनाच्या दिवशी त्यांनी माझी दोन पानं खोडायला लावली होती, आणि नंतर सोलकढी पाजली होती. आता केंद्र त्याच चालवतात. पानात वरण-भात, पडवळाची भाजी, ताक. तूप वाढताना त्या प्रत्येकाला नावानं विचारत होत्या. सोलापुरात आम्ही पाहुण्याला वाढत राहतो, त्यानं ताटावर आडवा हात धरेपर्यंत. इथं सुलभाताई एकदाच विचारतात आणि पुढं जातात. सावंतांनी 'नको' म्हणून नंतर मान वर केली तोपर्यंत तूप संपलं होतं.

जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"रंजनाला भेटलात?"

"अजून नाही. परवा जाणार आहे."

"भेटा बाई एकदा. तिला त्यांनी गटातून काढलं ना."

"कुणी?"

"बचत गटातून हो. अहवालात आलेलं ना की आमचं गाव आमची म्हातारी माणसं सांभाळतं, म्हणून केंद्र गेलं. ते रंजनानंच सांगितलं, स्वतःची शान मारायला, असं म्हणतात. आणि ती बोलणार काय? अहवाल छापून आलेला तेव्हा ती गावभर दाखवत फिरलेली, हे पुस्तक मी लिहिलंय म्हणून."

मी ताकाचा पेला उचलला. रिकामा होता. तरी तोंडाला लावला.

केंद्र गेलं हे मला माहीत होतं. ते मी आतल्या आत कसंबसं बसवलं होतं. पैसे कमी होते, कुठंतरी कात्री लागणारच होती, असं स्वतःला सांगून. रंजनाताईंचं माहीत नव्हतं. कव्हरवर आमची नावं एकाखाली एक छापली होती, माझ्याच आग्रहानं. सगळ्यांचं काम, सगळ्यांची नावं. गावात तिथलं नाव तेवढं एकच.

"सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" सुलभाताईंनी विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणालो. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

टिटवाळा

टिटवाळ्याला कल्याणहून गेलो. पूर्वी आलो होतो तेव्हा स्टेशनबाहेर पडलं की डोंगर दिसायचा. आता डोंगराच्या पुढं इमारती आहेत, आणि इमारतींवर आणखी इमारतींच्या जाहिराती. केंद्र एका नव्या सोसायटीच्या गाळ्यात आहे. शेजारी प्लायवूडचं दुकान, पलीकडे क्लासेस.

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मला दुपारपर्यंत तिथून निघता आलं असतं आणि संध्याकाळी कोलशेत गाठता आलं असतं. मी निघालो नाही. आधी गणपतीच्या देवळात गेलो, रांगेत उभा राहिलो. तळ्याच्या काठी बसलो. मग केंद्रात जाऊन मोरेकाकांबरोबर पत्ते खेळलो. मोरेकाका गिरणीत होते, मुलगा इथं फ्लॅट घेऊन राहतो, सकाळी निघतो तो रात्री येतो. ते प्रत्येक डावात पत्ते लपवत होते आणि मला दिसत होतं.

"सर, तुमचं लक्ष नाही," ते म्हणाले. "मी चोरी करतोय तरी तुम्ही बोलत नाही. मजा नाय येत राव."

"राहू दे, काका."

"राहू दे काय? बोलायचं माणसानं. मग मी नाही म्हणणार, मग तुम्ही शिव्या देणार. त्याशिवाय खेळ कसला?"

ते सहज बोलत होते, तरी मला पत्ते खाली ठेवावे लागले.

तिथून कोलशेतला न जाता थेट सोलापूरची गाडी धरावी, असं माझं जवळजवळ ठरलं. बाईंना फोन करून तब्येतीचं सांगायचं. वाक्यही जुळवलं होतं. फोन हातात घेतला तेव्हा आईचा फोन येऊन गेलेला दिसला. आई मंगळवेढ्याला एकटी असते. शेजारच्या काकू भाकरी आणून देतात. कुणी विचारलं की मी सांगतो, "शेजारी फार चांगले आहेत हो, मला काळजी नाही." हे मी इतक्या वेळा सांगितलंय की कोलशेतचा परिच्छेद लिहायला मला काहीच कष्ट पडले नव्हते. वाक्यं तयारच होती. ताटात काय असतं हे काकूंना विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती, आणि रंजनाताईंनी न विचारता सांगितलं तेव्हा ते मी गाळलं.

बाईंना फोन केला नाही. लॉजवर परत गेलो.

खाडीकाठ

कोलशेतला मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना टॉवर. एका कंपनीच्या भिंतीला वळसा घालून खाली उतरलं की एकदम गाव लागतं. होड्या, वाळत टाकलेली जाळी, आणि खाडीचा तो वास, जो सोलापूरच्या माणसाच्या नाकाला पहिल्या दिवशी झोंबतो आणि तिसऱ्या दिवशी कळेनासा होतो. ओहोटी होती. उतारावर माझी चप्पल चिखलात रुतली, तिचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी अशा अवस्थेत मी रंजनाताईंच्या ओट्यापाशी पोचलो.

त्या निवट्या साफ करत बसल्या होत्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे वर आलेला मासा. मीठ लावून चोळत होत्या. मान वर केली, माझ्या पायाकडं बघितलं.

"चादरवाले सर. चप्पल खाडीला वाहिली काय?"

"तुटली."

"मी बोलले, सर आता येत नाय." हात थांबला नव्हता. "काम असंल."

"काम आहे. पण त्याआधी एक सांगायचंय."

पूर्वी या ओट्यावर पाय ठेवला की आतून 'जेवाला बसा' ऐकू यायचं. त्या दिवशी नाही आलं. मी उभ्यानंच सांगितलं. ताटाचा परिच्छेद मी लिहिला. तुमचं अर्धं बोलणं घेतलं, अर्धं टाकलं. वाचन मुद्दाम केलं नाही. त्या परिच्छेदामुळं केंद्र गेलं आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. पाठ केल्यासारखं भरभर सांगून मोकळा झालो.

रंजनाताईंनी निवटी टोपात टाकली. दुसरी घेतली नाही.

"तो तुमी लिवला?"

"हो."

"मी नाय बोलले तसं?"

"अर्धं बोललात. पुढं 'पण' बोललात, ते मी घेतलं नाही."

"काय बोलले पुढं?"

"ताट जातं, पण ताटात काही नसतं."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"मना वाटलं मीच बोलले," त्या म्हणाल्या. "येवढे दिस मी आठवतंय. गटाची कमल बोलली, तूच सांगलंस, तुजंच नाव हाय. मी बोलले, असन. बोलताना माणूस काय काय बोलतंय. आपल्या गावाची शान मारली असन मी. त्या एकट्या हिराआजीच्या दारावरनं जात नव्हते मी, पलीकडून फिरून जायचे."

मी येताना सगळी तयारी केली होती. त्या चिडतील, रडतील, हाकलून देतील. त्यांनी माझा गुन्हा स्वतःचा समजून इतके दिवस वागवला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माफ करा, ताई."

"मना सांगून काय? पुस्तक आनलंय?"

"आहे पिशवीत."

त्यांनी हात धुतले. "चला."

गावच्या देवळाच्या पडवीत दुपारी बायका बसतात. जाळं विणणाऱ्या, निवडटिपण करणाऱ्या, नुसत्या बसलेल्या. गटाच्या अध्यक्षा कमलताई मध्ये होत्या. रंजनाताईंना बघून दोघी-तिघींनी मान फिरवली. खांबाला टेकून हिराआजी. वय विचारलं तर 'लय' म्हणतात.

"सर वाचनार हाय," रंजनाताईंनी सांगितलं आणि त्या पायरीवरच बसल्या, पडवीत नाही.

मी परिच्छेद वाचला. वाचून झाल्यावर वाटलं तसं काहीच झालं नाही. बायकांना तो आवडला.

"पिच्चरसारखं लिवलंय," एक म्हणाली.

"माजं नाव हाय काय त्याच्यात?" हिराआजींनी विचारलं.

"नाय आजी. तुझं नाव टाकलं तर लगीन जमंल तुझं," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मलाही क्षणभर वाटलं की इथंच थांबावं. थांबलो असतो तर तो दिवस बरा गेला असता.

मग उरलेलं सांगितलं. हसू हळूहळू गेलं. जाळ्यावरचे हात थांबले. हिराआजींना नीट ऐकू गेलं नसावं. शेजारणीनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "काल बोयट मासलीचं डोकं व्हतं माज्या ताटात. नुसतं डोकं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

कमलताईंनी विचारलं, "म्हनजे रंजनी नाय बोलली?"

"नाही. त्यांचा यात काही दोष नाही."

"मग ती मी लिवलं, मी लिवलं करत कशाला फिरली?"

"फिरले," पायरीवरून रंजनाताई म्हणाल्या. "नाव छापलं व्हतं माजं. तुजं छापलं असतं तर तू बँड लावला असता."

कमलताईंनी तिकडं बघितलं नाही. माफी वगैरे त्यांच्या तोंडून आली नाही. त्या माझ्याकडं वळल्या. "येवढंच वाचाचं व्हतं, का सगलं?"

"सगळं वाचायचं होतं."

"मग वाचा. पयल्यापासून."

त्यांच्या समोर मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बायकांनी मला जागोजागी अडवलं. 'हातावर पोट असलेली कुटुंबं' इथं जोरात वाद झाला. आमच्या होड्या हाय, हातावर पोट कुनाचं, म्हणून ते खोडलं. 'तरुण पिढी पारंपरिक व्यवसायापासून दुरावली' यावर एक बाई म्हणाली, "दुरावली नाय, खाडी काळी झाली." तेही बदललं. मधे कुणीतरी माझ्या पुढं चहा ठेवला, माझ्यासाठी एक जुनी रबरी चप्पलही आली. मी पेनानं खोडत होतो, लिहीत होतो. ओळीमागून ओळ जात होती. एकेका ओळीत मी किती सहज यांच्या वतीनं बोललो होतो.

मधेच कमलताई म्हणाल्या, "त्या बाईंना फोन लावा. आमच्या म्होरं."

लावला. स्पीकरवर. मी तेच पुन्हा सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "सर, हे तुम्ही आत्ता सांगताय? या वर्षीचं वाटप झालं. लेखी द्या. मी काही कबूल करत नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

भरती चढायला लागली. होड्या येण्याची वेळ झाली तशा बायका उठल्या. पुस्तक अर्ध्यावर होतं. रंजनाताईंनी ओट्यावर मला जेवायला वाढलं, निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. ज्वारीची सवय असलेल्या हाताला ती भाकरी फार मऊ लागते, उचलता उचलता तुटते. निवटीचे डोळे ताटातून माझ्याकडं बघत होते. मी खाल्लं. त्या समोर बसून होत्या.

"गटात परत घेतील ना?" मी निघताना विचारलं.

"कमल 'बगू' बोलली." त्यांनी टोप उचलला. "तुमी येनार का परत, का आता हलकं झालं, संपलं?"

"येणार."

"बोलनारे सगले येनार बोलतात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोलापूर

परत येऊन संस्थेला सगळं लेखी कळवलं. दोषी मी, असं स्पष्ट लिहिलं. कॉलेजात प्राचार्यांनाही सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि 'हे फार पसरवू नका' असा सल्ला दिला. म्हणून इथं लिहितो आहे. संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही. रंजनाताईंना मध्ये फोन केला होता. गटाची बैठक झाली, त्यांना बोलावणं नव्हतं. हिराआजींना खोकला झालाय.

अहवालाची अर्धी पानं कोलशेतला वाचून दाखवायची आहेत, आणि बायका सांगतील ते खोडायचं आहे. रंजनाताईंवरचा आळ गावात नुसता तोंडानं काढून पुरणार नाही. दुरुस्त केलेला अहवाल छापून तो त्यांच्या हातात द्यायचा आहे. आणि त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मी दुपारचं जेवण देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.